डोक्याची कोशिंबीर

बारामती एमआयडीसीत कुणाला नोकरी लागून किती वर्षं झाली हे विचारायची गरज नसते. गळ्यातलं आयकार्ड बघावं. जॉइनिंगच्या दिवशी काढलेल्या फोटोत लातूरचा नाहीतर नगरचा एक पोरगा दाट केसांचा भांग पाडून कॅमेऱ्याकडे रोखून बघत असतो, आणि कार्ड घालून गेटवर जो उभा असतो तो त्या पोराचा थोरला चुलता वाटतो. सिक्युरिटीवाले मामा एकदा फोटोकडे बघतात, एकदा कपाळाकडे. कपाळ नेमकं कुठं संपतं याचा अंदाज घेतात आणि "जावा, साहेब" म्हणून सोडून देतात. अंगठ्याचं मशीन आल्यापासून मामांचा हा ताण बराच हलका झाला आहे.

दरम्यान केस गेले कुठं, याचं उत्तर सगळ्या एमआयडीसीत एकच. पाणी! पियाजिओतल्या माणसाला विचारा, डेअरीतल्याला विचारा, टेक्स्टाइल पार्कात शिलाईच्या लाइनवर बसणाऱ्या मुलीला विचारा. विद्यानगरीत शिकायला आलेली हॉस्टेलची पोरं दुसऱ्या महिन्यापासून आईला फोनवर अभ्यासाच्या आधी केसांची खबर देतात. पेन्सिल चौकाच्या आसपास कुठल्याही सलूनमध्ये बसा. गळ्याभोवती कापड आवळतानाच तपासणी सुरू होते. "बोअरचं वापरता का?" आपण हो म्हणतो. "तरीच." इतक्या थोड्या प्रश्नांत निदान करणारा डॉक्टर अख्ख्या तालुक्यात मिळायचा नाही.

पाण्याबद्दल एवढं एकमत व्हायचं कारण सरळ आहे. पाणी उलटून बोलत नाही. पुरुषांचं टक्कल बहुतेक वेळा घराण्यातून येतं, आणि त्यात आईकडून आलेल्या एका जनुकाचा हात मोठा असतो. म्हणजे बोट दाखवायचंच तर मामाकडे दाखवायला हवं. पण लग्नात जो मामा पाठीशी उभा राहिला, ज्याच्याशी आईच्या वाटणीचं बोलणं अजून व्हायचंय, त्याला कोण म्हणणार की मामा, तुमच्यापायी माझं कपाळ वाढलं? त्यापेक्षा बोअरला शिव्या दिलेल्या बऱ्या.

अर्थात बोअर काही साव नाही. भिगवण रोडच्या सोसायट्यांत, रुईकडं, तांदूळवाडीकडं, किंवा खाली इंदापूरच्या लोणी देवकर एमआयडीसीच्या बाजूला बोअरच्या पाण्यावर संसार करून बघा. बादलीला पांढरा कड धरतो, गिझरची कॉइल चुन्यानं लिंपली जाते, शॉवरची निम्मी भोकं बुजतात आणि उरलेली भिंतीवर नेम धरतात. तूरडाळ कितीही शिट्ट्या काढा, दाणा सोडत नाही. अंगाला साबण लावला की फेसाऐवजी चिकट राप येतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला मध्येच गाठून त्याचा साका करतं. तो साका केसांवर बसतो. केस मुळातून उपटण्याचं काम पाणी करत नाही, पण त्यांना इतकं राठ करतं की कंगवा निम्म्या वाटेत अडकतो आणि केस मधूनच तुटतो. तुटलेला केस आणि गळलेला केस यांतला फरक फरशीवर पडल्यावर बायकोला दिसत नाही. तिला फक्त झाडून काढलेला पुंजका दिसतो.

खारवटपणाची ही तक्रार एमआयडीसीपेक्षा बरीच जुनी आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहता झाला. कालव्यामागून ऊस आला, आणि उसाला पाणी पाजता पाजता जमिनीच्या पोटातलं मीठ वर आलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अख्खी पुस्तिका लिहिली. त्यांना काळजी पिकाची होती, डोक्याची नव्हती. तरीही आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्यावर दरवर्षी जे बोललं जातं त्याच्यापेक्षा त्या पुस्तिकेत जास्त मुद्देसूद काही असणार, एवढं मी न वाचता सांगतो.

या पाण्यावर उपाय म्हणून हल्ली घरोघरी व्हिनेगर आलं आहे. ते आलं बहुधा पुण्याहून, कुणाच्या तरी हिंजवडीच्या नणंदेकडून. नणंद दिवाळीला आली, तिचे केस पाठीवर झुळझुळत होते, आणि सगळ्या जावांनी फराळाचं ताट बाजूला ठेवून तिला घेरलं. कृती अगदी सोपी. शाम्पू झाल्यावर मगभर पाण्यात चमचा-दोन चमचे व्हिनेगर घालायचं, केसांवरून ओतायचं, जरा थांबून साध्या पाण्यानं धुवायचं. न्हाण्याच्या आदल्या रात्री ऑलिव्ह तेल कोमट करून मुरवायचं. नणंद गेली, कृती राहिली. पुढच्या रविवारी सोसायटीच्या चारही मजल्यांवरून कैरीच्या लोणच्याचा वास येत होता, आणि कैरीचा हंगाम नव्हता.

घरातल्या आजींना हा प्रकार पहिल्या दिवशी बघवत नाही. ओट्यावर एक वाटी तेल, एक वाटी आंबट, शेजारी सून मान खाली घालून. "आगं बया, डोस्क्याची कोशिंबीर करतीस का काय? मग मीठ-साखर बी घाल की वाईच!" सून म्हणते, "आजी, हे नॅचरल आहे." आजी म्हणतात, "मग काकडी काय पलास्टिकची असती?" यावर नणंदेनं काही शिकवलेलं नसतं.

पण आजींनी फार बोलू नये. त्यांच्या तरुणपणी न्हाणं म्हणजे शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा रात्री भिजत घालून सकाळी उकळायचे, आणि शेवटचा तांब्या डोक्यावर घ्यायचा तो आंबट ताकाचा नाहीतर लिंबू पिळलेल्या पाण्याचा. म्हणजे कोशिंबीर तेव्हाही होत होती, फक्त दह्यातली. त्यामागचं रसायनही हेच. साबण अल्कलीच्या अंगाचा असतो, त्यानं केसावरची बारीक खवलं उघडी पडतात आणि एकमेकांत अडकतात. त्यावर काहीतरी आंबट ओतलं की खवलं मिटतात, चुन्याचा साका सुटतो, केस गुळगुळीत लागतो. शिकेकाई स्वतःच जराशी आंबट, म्हणून विहिरीच्या जड पाण्यातही तिचं निभत असे. मग साबणाची वडी आली, तिच्यामागून शाम्पूची पुडी आली, शिकेकाई फक्त दिवाळीपुरती उरली. आंबटाची ती रिकामी जागा आता व्हिनेगरनं भरून काढली आहे. गिझरची कॉइलसुद्धा याच व्हिनेगरनं साफ होते. सोसायटीत एकीनं उरलेल्या अर्ध्या बाटलीत दोन्ही कामं उरकली, आणि तिच्या मते कॉइलवर गुण जास्त आला.

आता व्हिनेगर कोणतं, यावरून घराघरांत वर्ग पडले आहेत. वरच्या वर्गाचं म्हणजे सफरचंदाचं. भुरकट, महाग, आणि तळाशी ढगासारखी साय तरंगणारं. ती साय म्हणजे अल्कोहोलचं आंबट करणाऱ्या जिवाणूंची वसाहत. तिला इंग्रजीत 'मदर' म्हणतात, आणि बाटलीवर 'मदरसकट' असं अभिमानानं छापलेलं असतं. आमच्याकडं स्थळ बघताना मुलीकडचे हीच चौकशी दबक्या आवाजात करतात. खालच्या वर्गाचं म्हणजे किराणा दुकानातलं पांढरं, पाण्यासारखं, स्वस्त. त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात कबुली असते की हे ॲसेटिक ॲसिडपासून केलेलं, म्हणजे सिंथेटिक. केसाला त्यातला भेद कळतो असं मला वाटत नाही. केस शेवटी मेलेला असतो, त्याला सफरचंदाचं कौतुक काय? पण धुणाऱ्या बाईला कळतो, आणि न्हाणं हे निम्मं मनासाठी असतं.

गंमत अशी की खालच्या वर्गाचं हे ॲसिड आपल्या भावकीतलं निघतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इकडं जिथं बघाल तिथं साखर कारखान्याचं धुराडं. उसातून मळी, मळीतून अल्कोहोल, अल्कोहोलमधून ॲसेटिक ॲसिड, हा रस्ता ऊसपट्ट्याला नवा नाही. नीरा स्टेशनाला लागून बारामती तालुक्यातलंच निंबूत. तिथं जुबिलंटच्या कारखान्यात इथाइल ॲसिटेट, ॲसेटिक अनहायड्राइड अशी याच कुळातली रसायनं होतात. आणि खऱ्या व्हिनेगरसाठी तर कारखानाही लागत नाही. उसाचा रस भांड्यात झाकून विसरून जा, आधी त्याची दारू होते, मग सिरका. उत्तरेत उसाचा सिरका घरोघरी करतात. आमच्याकडं एवढा ऊस, पण रस दुसऱ्या पायरीपर्यंत टिकतच नाही. पहिल्या पायरीवरच त्याला गिऱ्हाईक मिळतं.

इथं एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी, कारण एमआयडीसीत हुशार माणसांची वाण नाही. कुणीतरी म्हणतंच, "विकत कशाला आणता वहिनी, आमच्या कंपनीत ड्रमनं पडलंय." ड्रममधलं ॲसेटिक ॲसिड जवळजवळ निर्भेळ असतं आणि कातडी भाजतं. बाटलीतलं चार टक्क्यांच्या आसपास असतं, तेही पाणी घालूनच वापरायचं. टाळूवर खरचटलेलं असेल तर तेवढंही झोंबतं, आणि डोळ्यात गेलं तर रविवार संपला. ड्रमवाल्या भाऊजींना चहा पाजावा आणि विषय टँकरकडं वळवावा. टँकरवर बोलायला सगळ्यांनाच आवडतं.

तेलाचं प्रकरण व्हिनेगरपेक्षा प्रतिष्ठेचं. ऑलिव्ह तेल आपल्याला अगदीच परकं नव्हतं. मेडिकलच्या दुकानात वरच्या फळीवर फिगारोचा चिमुकला पत्र्याचा डबा असायचा, आणि घरात बाळंतपण असलं की तो खाली उतरायचा. बाळाच्या मालिशीला लागणारी चार थेंबांची चैन ती. डबा संपायच्या आत बाळ रांगायला लागे, आणि मग उरलेलं तेल शिलाई मशीनला जाई. बारामतीत मात्र ऑलिव्हचं वजन वाढलं त्याला आणखी एक कारण आहे. इथल्या एमआयडीसीत इटली नांदते. पियाजिओ मूळची तस्कनीतल्या पोंतेदेराची. १९९९ पासून तिची आपे रिक्षा इथं तयार होते, २०१२ पासून व्हेस्पाही. फेरेरो आल्बाची, २०११ पासून किंडर जॉयची अंडी घालते ती इथंच. त्यामुळं आमच्याकडं ऑलिव्हचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "आमचे इटलीचे साहेब जेवणात दुसरं तेलच घेत नाहीत." हे खरं असावं. पण मशीन बसवायला येणाऱ्या एखाद्या इटालियन साहेबानं हेल्मेट काढलं की जे लखलखतं, ते बघून तेलावरची श्रद्धा डळमळायला हवी होती. डळमळली नाही. "ते खातात, लावत नाहीत ना!"

दुकानात तर ऑलिव्हचीही जातपात निघते. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हे लेबल सासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं नाही, एवढं सगळ्यांना कळलंय. त्यातला 'पोमेस' हा स्वस्तातला डबा म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून पुन्हा काढलेलं तेल. आपल्या पेंडीच्या हिशेबात बघितलं तर म्हैस खूश होईल असा माल. चांगलं तेल लिटरमागं हजाराच्या वर जातं. मध्यंतरी २०२२ आणि २०२३ मध्ये स्पेनला दुष्काळ पडला आणि जगभर ऑलिव्ह कडाडलं, तेव्हा इथं मूळचं सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यातलं एक कुटुंब डब्यावरचा भाव बघून बराच वेळ उभं होतं. "तिकडं बी पाऊस न्हाय वाटतं," एवढंच घरधनी म्हणाले. त्यांनी डबा परत फळीवर ठेवला तो रागानं नव्हे, सहानुभूतीनं.

आणि एवढं मोजून ते डोक्याला काय देतं? चकाकी देतं, केस मऊ करतं, कंगवा अडकत नाही. तेवढं खरं. पण ज्यांना कोंडा आहे त्यांनी जरा थांबावं. कोंड्यामागं जी बुरशी असते ती टाळूवरच्या तेलावरच जगते, आणि प्रयोगशाळेत तिला वाढवायची असली की तिच्या बशीवर ऑलिव्ह तेल ओतायची पद्धत आहे. म्हणजे शास्त्रज्ञ मुद्दाम जे करतात ते आपण रविवारी हौसेनं करतो, वर पंचानं डोकं गुंडाळून ऊबही देतो. याउलट खोबरेल. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातलं प्रथिन झिजू न देण्यात खोबरेल सरस ठरलं. संशोधक मॅरिकोचे होते, आणि मॅरिको पॅराशूट विकते, हे जाता जाता सांगितलेलं बरं. स्वतःच्या पोराला पैकीच्या पैकी देणारे मास्तरही कधीकधी खरे असतात.

खोबरेलावरून तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खायचं की लावायचं? खायचं असेल तर कर कमी, लावायचं असेल तर जास्त. सरकार म्हणे, एवढ्याशा बाटलीत कोण भाजी फोडणीला टाकतं? कंपन्या म्हणत, आमच्या लेबलवर केसाचा उल्लेख कुठंय? कितीतरी वर्षं विद्वान वकील यावर बोलले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की बाटलीवर केशतेल म्हणून लिहिलेलं नसेल तर ते खायचंच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केसाच्या तेलावरचाही जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, म्हणजे आता दोन्हींवर कर सारखाच. आमच्या आजींना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे एकाच बाटलीतलं तेल आधी तळहातावर घेतलं आणि मग चटणीवर. कोकणातल्या माहेराला जागल्या.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत आपल्याकडं कधी फार उंच नव्हतीच. हळद, बेसन, साय, ताक, मेथ्या, कांद्याचा रस, सगळ्यांनी ती ओलांडली आहे. डाळीचं पीठ चेहऱ्याला लावलं की कुणी हसत नाही, मग व्हिनेगरनंच काय घोडं मारलंय? हसू येतं ते वासाचं. वाळल्यावर वास जातो म्हणतात, आणि तो जातोही. पण पहिल्या शिफ्टला सकाळी सहाच्या आधी बस पकडायची असते, केस ओलेच असतात, आणि खिडक्या थंडीमुळं बंद. चार जणींनी व्हिनेगर घेतलेलं असलं की अख्ख्या बसला नूडल्सची भूक लागते. पुढं कंपनीत पोचल्यावर खाण्याच्या पदार्थांचं युनिट असेल तर गेटमधून आत जाताच केसांवर जाळीची टोपी चढते, कानांसकट, कपाळापर्यंत. आदली रात्र तेलात, सकाळ व्हिनेगरात आणि आठ तास टोपीत. ते झुळझुळणारं सौंदर्य बघायला मिळतं ते फक्त सुपरवायझरला, तेही टोपीतून एखादी बट बाहेर आली तर, आणि त्याबद्दल तो मेमो देतो.

पुरुषांचं वेगळं. ते व्हिनेगरबद्दल उघड काही बोलत नाहीत. बायकोनं आणलेली बाटली हळूहळू दुप्पट वेगानं संपायला लागते, एवढाच पुरावा. क्वालिटीतले एक साहेब तर डोक्यावर उरलेल्या मोजक्या केसांना इतक्या शिस्तीनं व्हिनेगर लावतात की कंपनीत कुठल्या सुट्या भागाचं एवढं इन्स्पेक्शन होत नसेल. विचारलं तर म्हणतात, "गिझरसाठी आणलंय."

या सगळ्याची खरी झळ लागली ती चायनीजच्या गाडीवाल्याला. भिगवण रोडला संध्याकाळी लाल दिवा लावून उभा राहणारा तो भला माणूस. त्याच्या गाडीवर झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत हिरव्या मिरच्यांचे तुकडे घातलेलं व्हिनेगर असतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किराणा दुकानातलं संपलं की वहिनी लोक त्याच्याकडं येतात. परवा एकीनं डबाच पुढं केला. "दादा, नुसतं व्हिनेगर पार्सल द्याल का? वाटीभर."

त्यानं कढईतून डोकं वर काढलं. "नुसतं? राइस-नूडल्स काय नको?"

"नको. केसांसाठी पाहिजे."

तो थबकला, त्यानं तिच्या केसांकडं बघितलं, मग बाटलीकडं बघितलं, आणि झाकण काढत काळजीनं म्हणाला, "मग थांबा ताई, मिरच्या गाळून देतो."